चौथा अ‍ॅम्प्लिफायर

"राजू, झालं का गं?" पलंगपोसाच्या पलीकडून आप्पांचा आवाज आला.

"थांबा की जरा! तुमच्या व्हॉल्व्हवाल्याला तापायला मिनिट लागतं, म्हणून सगळ्यांनाच मिनिट. नियम तुमचाच आहे."

आमच्या सोप्यात दोरी बांधून तिच्यावर हिरवा पलंगपोस टाकला होता आणि त्याच्यामागं मी उभी होते. हातात एक प्लग, दातात स्पीकरच्या वायरी. समोर टेबलावर तीन अ‍ॅम्प्लिफायर. पहिला आप्पांचा, मिरजेच्या एका कारागिराकडून खास बनवून घेतलेला. काचेचे आठ व्हॉल्व्ह, वजन अर्ध्या पोत्याएवढं, आणि चालू केला की टेबलावर हात शेकून निघायचे. दुसरा नेमगोंडा काकांचा, त्यांच्या पुतण्यानं दुबईहून आणलेला. ट्रान्झिस्टरचा, चपटा, काळा कुळकुळीत, दिव्यांची रांगच्या रांग. तिसरा माझा. मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. एक नखाएवढी आयसी घेऊन आईच्या जुन्या पोळ्यांच्या डब्यात मी तो बसवला होता. झाकणावर अजून 'सौ. कुसुम भूपाल चौगुले' असं कोरलेलं होतं.

पलंगपोसापलीकडं दोन परीक्षक. वेताच्या खुर्चीत आप्पा, दिवाणावर नेमगोंडा काका. दोघांच्या हातात वहीचा एकेक कागद आणि पेन्सिल. स्वयंपाकघराच्या दारात आई. तिला कुणी कागद दिला नव्हता आणि तिनं मागितलाही नव्हता.

मी सुई रेकॉर्डवर ठेवली. सनई सुरू झाली.

"हां!" आप्पा लगेच म्हणाले. "लिहिलं मी."

"आयला, एवढ्यात?" नेमगोंडा काका म्हणाले. "मला अजून कळंना."

"तुला गेल्या जन्मात कळलं नाही, आता काय कळतंय?"

आता हा सगळा खेळ कशासाठी, ते सांगते.

आमचं इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव. आप्पांचे चोवीस माग होते, काकांचे बत्तीस. चोवीस माग एका शेडमध्ये चालू असले की शेजारी उभ्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. त्यामुळं मागवाले ओठांवरून बोलणं ओळखतात. आप्पा त्यात वस्ताद होते. शेडच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचा कामगार त्यांना काय शिव्या देतोय ते सांगायचे. घरीही समोर उभं राहून काही बोला, फटाफट उत्तर. पाठीमागून बोललं की मात्र काही नाही.

हे सगळ्यात आधी आईला कळलं आणि तिनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. आप्पांकडं पाठ करून गॅसशी बोलायचं, हे तिचं रोजचं झालं. आप्पांनी वरण अळणी म्हटलं की ती वळायची आणि कढईला सांगायची, "मिठाची बरणी काय कर्नाटकात ठेवलीय? हात लांब केला तर झडतोय होय?" जयसिंगपूरच्या आत्या येऊन गेल्या की तर कढईला दोन दिवस फुरसत नसायची. मी हसून हसून लोळायची. आप्पा आपले पेपर वाचत.

आणि मग त्या वर्षी फेब्रुवारीत सुताचा एक ट्रक बोळातून मागं येत होता. हॉर्न वाजवत होता, क्लीनर पत्र्यावर हात आपटत होता, आजूबाजूची पाच-सहा माणसं ओरडत होती. आप्पा पाठमोरे, सायकल हातात धरून शांतपणे उभे. शेवटी पानपट्टीवाल्यानं त्यांना धोतराला धरून मागं ओढलं. सायकल गेली चाकाखाली. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "ड्रायव्हर आंधळा होता." आईनं त्या दिवशी कढईला काहीच सांगितलं नाही. मोरीत जाऊन रडली.

कान तपासू या म्हटलं की आप्पा भडकायचे. "माझे कान तुमच्यापेक्षा तिखट आहेत! अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कळतो मला, बहिऱ्याला कळतो काय?" रोज सूर्यास्ताआधी जेवण उरकलं की ते व्हॉल्व्हवाला लावायचे, वरच्या सुरांचं बटण पार शेवटापर्यंत पिळायचे, आईला शेजारी बसवायचे आणि डोळे मिटून मान डोलवायचे. नेमगोंडा काका आले की भांडण ठरलेलं. काका म्हणायचे, "व्हॉल्व्ह म्हणजे शेगडी आहे मर्दा. त्याच्यावर भाकरी भाज." आप्पा म्हणायचे, "आणि तुझा ट्रान्झिस्टर? नुसता कोरडा. घशाखाली उतरत नाही." माझ्या डब्याकडं बघून दोघंही एकदम म्हणायचे, "त्यात लोणचं घाल."

अशाच एका भांडणात मी तोंड घातलं. "आप्पा, डोळे झाकून तुम्हाला तुमचा व्हॉल्व्हसुद्धा ओळखता यायचा नाही."

"कुणाला? मला?"

"पैज! पाच वेळा वाजवते. तीन चुकलात तर माझ्याबरोबर मिरजेला कानाच्या डॉक्टरकडं यायचं. गुपचूप."

"आणि नाही चुकलो तर?"

"तर ह्या घरात कानाचं नाव कुणी काढणार नाही."

"महावीराची शपथ?"

"शपथ."

काकांसमोर माघार घेणं आप्पांच्या रक्तात नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते हरणार हेही ठाऊक होतं. त्या तिघांतला व्हॉल्व्हवाला ओळखायला कान तिखट असायची काही गरजच नव्हती. आमच्या मांजरानंही ओळखला असता. कशावरून, ते आप्पांना ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी तुम्हाला कळू दे. त्यात जास्त मजा आहे.

मागांना सुट्टी होती तो दिवस ठरला. सकाळीच आप्पांनी नियम सांगितले. पंखा बंद, त्याचा आवाज नको. फ्रीज बंद, त्याची घरघर नको. दिवे बंद, उगाच डोळ्याला त्रास नको. आणि एका वेळी एकच अ‍ॅम्प्लिफायर चालू, बाकीच्या दोघांचे प्लग काढलेले. "एकाची गुणगुण दुसऱ्यात मिसळायला नको," ते म्हणाले. काकांनी मान हलवली, "शास्त्रशुद्ध आहे." मीही मूर्खासारखी हो म्हटलं.

पाचही वेळा झाल्या. मी कागद गोळा केले. नेमगोंडा काकांचं एक बरोबर, चार चूक. स्वतःच्या ट्रान्झिस्टरलाच त्यांनी डबा म्हटलं होतं.

आप्पांची पाचच्या पाच बरोबर.

मी कागद उलटासुलटा करून पाहिला. व्हॉल्व्ह, डबा, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, डबा. अगदी मी वाजवले त्याच क्रमानं.

"काय गं?" आप्पा म्हणाले. मिशीत हसू मावत नव्हतं. "काय झालं तुझ्या मिरजेचं?"

मी आईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. ती वळली आणि गॅसकडं तोंड करून म्हणाली, "आता ट्रक आला की मीच जाते पुढं." हे ऐकून मला हसू आलं नाही. शपथ मी घेतली होती. आता कानाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती, आणि ते माझ्याच आगाऊपणामुळं. पुढचा ट्रक आला आणि पानपट्टीवाला नेमका गिऱ्हाइकाला चुना लावत असला, तर?

मला वाचवलं ते नेमगोंडा काकांनी. एक मार्क घेऊन घरी जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"हे काय खरं नाही," ते म्हणाले. "मला अंदाज यायला वेळ लागला. आणखी पाच!"

"पन्नास लाव," आप्पा म्हणाले आणि खुर्ची जराशी सरकवून बसले.

ती खुर्ची सरकवणं मला खटकलं. माणूस गाणं ऐकायला बसतो तो स्पीकरकडं तोंड करून. आप्पा बसले होते दाराकडं तोंड करून. मी पलंगपोसाच्या फटीतून बघायला लागले. पहिला अ‍ॅम्प्लिफायर लावला. आप्पांनी मान वर केली आणि दाराच्या वरच्या बाजूला एकटक बघत राहिले. तिथं बाहुबलीचा मोठा फोटो होता. वाटलं, देवाचं नाव घेतायत. मग आणखी जरा नीट बघितलं. बाहुबलीच्या डाव्या बाजूला, दोन वितीवर, विजेचं मीटर होतं.

अगंबाई!

मागवाल्याची नजर सकाळी उठल्यावर मीटरवर जाते, देवावर नंतर. मीटरमध्ये ती अ‍ॅल्युमिनियमची चकती असते ना, तांबडी खूण असलेली, गरगर फिरणारी? शेडमधल्या मीटरची चकती नुसती बघून आप्पा सांगायचे, "तीन माग बंद आहेत, कोण चहाला गेलंय?" आणि घरात आता काय होतं? पंखा बंद, फ्रीज बंद, दिवे बंद. व्हॉल्व्ह लावला की चकती भराभर फिरायची, ट्रान्झिस्टरला रमतगमत, आणि माझ्या गरीब डब्याला तर हललीच तर हलली. ज्या माणसाला ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही त्याला म्हणे पंख्याच्या आवाजाचा त्रास होत होता! मी पलंगपोसाचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर तिथंच फिसकन हसले असते.

मग मी इकडंतिकडं बघितलं. माझ्या पायाशी, भिंतीच्या त्याच बोर्डाखाली, आईची इस्त्री ठेवलेली होती.

"राजू, काय झोपलीस काय?"

"आले आले, वायर सुटली होती."

एका पॉइंटवर डबा लावला. दुसऱ्यावर इस्त्री. इस्त्री उभी केली, चाक कडक सुतीपर्यंत फिरवलं आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. मिनिट मोजलं. सुई ठेवली. माझ्या डब्यातून सनई सुरू झाली, साधी, स्वच्छ, जराशी बारीक.

फटीतून आप्पा दिसत होते. त्यांनी मीटरकडं बघितलं आणि पेन्सिल हातातून पडली. चकती भिंगरीसारखी सुटली होती. ते अर्धे उठले, परत बसले, परत उठले. काका डोळे मिटून ऐकत होते.

"राजू!" आप्पा ओरडले. "बंद कर! बंद कर आधी! व्हॉल्व्हमध्ये शॉर्ट झालंय काहीतरी, जळून जाईल सगळं!"

सनई आपली छान चालली होती. काकांनी डोळे उघडले.

"कुठं जळतंय भूपाल? बरं वाजतंय की."

"अरे बघ की, केवढा करंट ओढतंय!"

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मीटरकडं रोखलेलं बोट खाली घ्यायचंही राहून गेलं. काकांनी आप्पांच्या बोटाकडं पाहिलं, बोटाच्या दिशेनं मीटरकडं पाहिलं, आणि मी तेवढ्यात पलंगपोस ओढून खाली टाकला. टेबलावर आईचा डबा गात होता आणि शेजारी जमिनीवर इस्त्री तापत होती.

काका असे हसले की दिवाणावरून घसरले. "मर्दा! मीटर बघून गाणं ऐकतोस होय! सनई किती युनिटची हे सांग आता!"

मीही हसत होते. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. आप्पा तेवढे हसत नव्हते. त्यांनी वाकून पेन्सिल उचलली, कागदाची घडी घातली, उलगडली.

"राजू," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा फारच हळू होता, "पूर्वी माग बिघडायच्या आधी मला आवाजावरून कळायचं. कुठला पट्टा सैल झाला, कुठला धोटा अडकतोय, डोळे मिटून सांगायचो. चार वर्षं झाली, काही कळत नाही. जॉबरला, माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारतो आणि मला आधीच ठाऊक होतं असं दाखवतो. बहिरा मागवाला म्हटल्यावर कामगार पाठ फिरवून काय वाट्टेल ते बोलतील."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही.

मी आप्पांच्या समोर जाऊन खाली बसले, त्यांना ओठ नीट दिसतील अशी. "आप्पा, मला त्या ट्रकची भीती वाटते. रोज तुम्ही बाहेर पडलात की वाटते."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग एकदम काकांकडं वळून म्हणाले, "आणि ह्याचं एक मार्क आहे, ते? हा बरा सुटेल?"

"माझा काय संबंध?" काका म्हणाले.

"तू तर स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा ओळखला नाहीस. चल मिरजेला."

असे दोघं माझ्याबरोबर मिरजेला आले. डॉक्टरांनी एकेकाला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन दिले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. बाहेर आल्यावर दोघांनी एकमेकांचे कागद हिसकावून बघितले. "माझा डावा तुझ्या उजव्यापेक्षा बरा आहे," असं काका एसटीत इचलकरंजी येईपर्यंत सांगत होते. निकाल दोघांचा सारखाच होता. बारीक, वरचे आवाज दोघांच्याही कानातून कधीच गेले होते. मागांनी नेले.

पंधरा दिवसांनी आप्पांचं यंत्र आलं. सुपारीएवढं, कानामागं अडकवायचं. डॉक्टरांनी मला ते उघडून दाखवलं. आत माझ्या डब्यातल्यासारखीच एक आयसी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन झाले होते, हा आमच्या ह्या खेळातला चौथा अ‍ॅम्प्लिफायर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी एकट्यानंच ते लावलं, कुणाला काही न सांगता, आणि वरून टोपी कानापर्यंत ओढून शेडवर गेले. दुपारी जेवायला आले तेव्हाही टोपी तशीच. संध्याकाळी जेवणं झाल्यावर नेहमीसारखे व्हॉल्व्हवाल्यासमोर बसले. आई भांडी आवरत होती. मी मुद्दाम दाराशी पुस्तक घेऊन बसले होते, कारण टोपीखालून यंत्राचं टोक मला दिसलं होतं आणि आता काय होणार ते माहीत होतं.

त्यांनी बटण दाबलं. मिनिटभरात व्हॉल्व्ह तांबूस झाले. सवयीनं वरच्या सुरांचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं आणि सुई ठेवायला हात पुढं केला.

तो हात तसाच राहिला.

"हे काय वाजतंय?"

"काय?" मी म्हटलं.

"सूंऽऽ सूंऽऽ करतंय काहीतरी. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं." त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, झटकलं, परत लावलं. "ह्यात बिघाड दिसतोय." मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. आवाज गेला. चालू केला. मिनिटानं परत सूंऽऽ. वरच्या सुरांचं बटण मागं घेतलं, आवाज कमी झाला. पुढं नेलं, वाढला. एखादा माग तपासावा तसे ते गुडघ्यावर बसून अर्धा तास हेच करत होते.

"राजू, कधीपासून आहे हे?"

"मी सहावीत होते तेव्हापासून, आप्पा."

"सहा वर्षं?"

"सहा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आईनं कुणालाही सांगू दिलं नव्हतं. 'त्यांचा जीव आहे त्यात, गप बसायचं,' असा तिचा हुकूम होता. मी स्वयंपाकघराकडं बघितलं. आई आमच्याकडं पाठ करून उभी होती, आणि सवयीप्रमाणं कढईला सांगत होती:

"सांगून काय उपयोग होता? रोज आपलं कुकरच्या शेजारी बसल्यागत बसायचं आणि मान हलवायची. डोकं नुसतं पिकायचं माझं."

"मग उठून का गेली नाहीस?" आप्पा म्हणाले.

आईचा घासणीचा हात थांबला. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. नळाचं पाणी तसंच वाहत होतं.

"तुम्ही एकटे पडला असता," ती म्हणाली, कढईलाच, पण ह्या वेळी ती त्यांना सांगत होती.

आप्पांनी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला. उठले, माझा डबा आणून टेबलावर ठेवला, वायरी जोडायला मला खूण केली. मी भराभर जोडल्या. सनई लागली, साधी, स्वच्छ. त्यांनी शेजारची खुर्ची पदरानं पुसल्यासारखी उपरण्यानं पुसली.

"ये," ते म्हणाले. "आता नाही सूं."

आई हात पुसत आली, खुर्चीत बसली. डोळे ओले होते. थोडा वेळ तिनं ऐकलं. मग तिची मान डोलायची एकदम थांबली. तिनं आप्पांच्या कानामागं निरखून बघितलं.

"अहो, हे कानात कधी लावलंत?"

"सकाळी उठल्या उठल्या."

"म्हणजे सकाळी तुमच्या जयसिंगपूरच्या बहिणीबद्दल मी जे कढईला…"

आप्पांनी डोळे मिटले होते आणि मान अगदी तालात डोलत होती.

"ऐकलं," ते म्हणाले.